रुग्णोपयोगी साहित्य: एकदाच वापरायचे कोणते, पुन्हा वापरता येणारे कोणते? (नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरीच फिजिओथेरपी घेणारे रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारे नातेवाईक नाशिक शहरातून, तसेच निफाड, सिन्नर आणि दिंडोरी भागातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे सर्वसाधारण आहेत. डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने एखाद्या रुग्णासाठी वेगळी सूचना दिली असेल, तर तीच पाळावी.

१. एखादी वस्तू एकदाच वापरून टाकायची आहे की पुन्हा वापरता येते, हे ओळखायचे कसे?

वेष्टनावर वर्तुळात इंग्रजी दोनचा आकडा असेल आणि त्यावर तिरपी रेघ मारलेली असेल, तर ती वस्तू एकदाच वापरायची आहे. मात्र बाजारातील साहित्याचे दोन नव्हे, तर तीन गट पडतात आणि बहुतेक गोंधळ मधल्या गटामुळे होतो. पहिला गट एकदाच वापरायच्या वस्तूंचा: सुई, सिरिंज, लॅन्सेट (रक्ततपासणीसाठी बोट टोचण्याची छोटी सुई), निर्जंतुक हातमोजे, जखमेवरचे गॉज. दुसरा गट एकाच रुग्णाने अनेकदा वापरायच्या वस्तूंचा: टेन्स यंत्राचे (वेदना कमी करण्यासाठी त्वचेवरून सौम्य विद्युतप्रवाह देणारे यंत्र) चिकट पॅड, नेब्युलायझरचा मास्क, श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे यंत्र, ऑक्सिजनची नाकातली नळी. यांपैकी काहींच्या वेष्टनावर 'सिंगल पेशंट' असे शब्द छापलेले असतात, पण ते इतके बारीक असतात की चष्म्याशिवाय दिसत नाहीत. तिसरा गट पुसून-धुऊन कोणालाही देता येईल अशा वस्तूंचा: वॉकर, काठी, व्हीलचेअर, रक्तदाबाचे यंत्र. 'किती वेळा वापरू?' हा प्रश्न त्यानंतरचा आहे. वस्तू कोण वापरणार आणि ती शरीराच्या कोणत्या भागाला लागणार, हे आधी पाहावे, कारण बाकीचे सगळे नियम त्यावरूनच ठरतात.

२. नाशिकच्या गोळे कॉलनीतील घाऊक दुकानांतून घेतले काय किंवा ऑनलाइन मागवले काय, वेष्टनावर नेमके काय तपासावे?

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या दृष्टीने औषधांच्या व्याख्येत आली आहेत. त्यामुळे वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत छापलेली असावी. वस्तू एकदाच वापरायची असेल तर तसा उल्लेखही असावा. चिन्हांपैकी वाळूचे घड्याळ म्हणजे मुदत आणि कारखान्याची आकृती म्हणजे उत्पादनाची तारीख. चौकटीत 'स्टराइल' या शब्दापुढे 'ईओ' असेल, तर वस्तू इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केलेली आहे. 'आर' असेल, तर किरणोत्साराने.

गोळे कॉलनीतील घाऊक दुकानांतून इन्सुलिन पेनच्या सुया किंवा कॅथेटर (लघवी काढण्याची नळी) सुटे घेतले जातात, कारण पूर्ण डबा घेणे प्रत्येकाला परवडत नाही. त्यात गैर काही नाही. पण ज्या डब्यातून ती वस्तू काढली, तो डबा पाहायला मागावा आणि बॅच क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. वेष्टन फाटलेले, ओले झालेले किंवा कडेने सुटलेले असेल, तर तारीख कितीही लांबची असली तरी ती वस्तू निर्जंतुक राहिलेली नाही असे समजावे.

३. उकळून किंवा अँटिसेप्टिकच्या पाण्यात ठेवून एकदाच वापरायची वस्तू पुन्हा वापरता येत नाही का?

येत नाही. काचेची सिरिंज आणि स्टीलची सुई उकळून वापरण्याचा काळ अनेक ज्येष्ठांना आठवतो आणि तो अनुभव ते प्लॅस्टिकला लावतात. येथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. धुण्याने मळ, रक्त आणि चिकटपणा जातो. जंतुनाशकाने किंवा उकळण्याने बहुतेक जंतू मरतात. निर्जंतुकीकरणाने मात्र चिवट बीजाणूसुद्धा नष्ट होतात, आणि त्यासाठी रुग्णालयातील ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे द्यावी लागते. घरच्या कुकरमध्ये हे खात्रीने साधत नाही. उलट प्लॅस्टिक वाकते, सिरिंजच्या दट्ट्याचे रबर फुगते आणि अरुंद नळीच्या आत काय उरले हे कोणालाच दिसत नाही. कडक उन्हात वाळवल्यानेही वस्तू निर्जंतुक होत नाही.

अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलेली विभागणी रुग्णालये आजही वापरतात आणि ती घरातही तितकीच उपयोगी आहे. जी वस्तू रक्तात किंवा शरीराच्या निर्जंतुक भागात जाते, ती पूर्ण निर्जंतुकच हवी. जी तोंड, नाक यांच्या ओलसर अस्तराला किंवा फाटलेल्या त्वचेला लागते, तिला काटेकोर जंतुनाशन हवे. जी फक्त अखंड त्वचेला लागते, तिला साबण-पाण्याने धुणे किंवा पुसणे बहुधा पुरते. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने थर्मामीटर पुसणे योग्य आहे. त्याच अल्कोहोलने वापरलेली सुई पुसून ती 'नवी' होत नाही.

४. इन्सुलिन पेनची सुई तीन-चार वेळा वापरली, तर खरेच काही बिघडते का? सगळेच तर वापरतात.

सगळे वापरतात हे खरे आहे आणि त्यामागे खर्चाचे कारण आहे, हेही खरे आहे. तरीही सुई एकदाच वापरायची असते. तिच्यावरचा सिलिकॉनचा पातळ लेप पहिल्याच वापरात कमी होतो आणि टोक बोथट होऊ लागते, म्हणून पुढचे टोचणे अधिक दुखते. बोथट सुईने त्याच त्या जागी टोचत राहिल्यास त्वचेखाली चरबीच्या गाठी होतात, त्या गाठीत दिलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही आणि साखर कारण नसताना वरखाली होऊ लागते. मग डोस वाढवला जातो, पण सुईकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्यातच सुई पेनला लावून ठेवली, तर कार्ट्रिजमध्ये (पेनमधील इन्सुलिनच्या नळीत) हवा शिरते आणि इन्सुलिन गळते.

खर्चामुळे रोज नवी सुई घेणे शक्य नसेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. किती वापरांपर्यंत चालवून घ्यायचे, याची स्पष्ट मर्यादा त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावी. स्पिरिटने सुई पुसू नये, त्याने उरलेला लेपही जातो. आणि एकाची सुई किंवा एकाचे पेन दुसऱ्याने, अगदी नवऱ्याचे बायकोनेही, कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. नवी सुई लावली तरी पेन सामायिक होऊ शकत नाही, कारण कार्ट्रिजमध्ये रक्ताचा अंश मागे जाऊ शकतो.

५. लाल टोपीची सिरिंज संपली होती, म्हणून दुकानदाराने नारिंगी टोपीची दिली. चालेल का?

चालणार नाही. आपल्याकडे कुपीत मिळणारे इन्सुलिन बहुधा एका मिलीलीटरला ४० युनिटचे असते आणि त्यासाठी लाल टोपीची सिरिंज असते. नारिंगी टोपीची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी आखलेली असते. पेनमधील कार्ट्रिजही सामान्यतः १०० युनिटचेच असते. ४० युनिटच्या कुपीतून नारिंगी सिरिंजच्या १० च्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढले, तर प्रत्यक्षात ४ च युनिट जातील. उलट १०० युनिटचे इन्सुलिन लाल सिरिंजच्या १० च्या खुणेपर्यंत ओढले, तर २५ युनिट जातील, म्हणजे अडीचपट, आणि साखर जिवाला धोका होईल इतकी उतरू शकते. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा सारखा असल्याशिवाय इंजेक्शन देऊ नये.

६. एकच ग्लुकोमीटर घरातील सर्वांनी वापरला तर चालतो का?

यंत्र चालते, कारण रक्त पट्टीवर असते आणि पट्टी प्रत्येक वेळी नवीच असते. वापरानंतर यंत्र पुसून ठेवावे. लॅन्सेट मात्र प्रत्येक वेळी नवीन हवे आणि टोचण्याचे पेनसुद्धा ज्याचे त्याला वेगळे हवे. हेपेटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो, आणि पेनच्या टोपीवरचा न दिसणारा थेंबही त्यासाठी पुरतो. संस्था, सोसायट्या आणि ज्येष्ठ नागरिक संघ तपासणी शिबिरे भरवतात, तेथे तर प्रत्येकासाठी आपोआप आत जाणारे, एकदाच चालणारे लॅन्सेट वापरले जात आहे का, हे रांगेतील माणसाने बिनदिक्कत विचारावे.

पट्ट्या त्यांच्या मूळ डबीतच, झाकण घट्ट लावून ठेवाव्यात. मे महिन्यात गाडीच्या कप्प्यात राहिलेल्या पट्ट्यांवर विश्वास ठेवू नये, आणि उकाड्यापासून वाचवण्यासाठी त्या फ्रिजमध्येही ठेवू नयेत, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरते. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. उघडल्यानंतरची मुदत छापील मुदतीपेक्षा कमी असते आणि ती माहितीपत्रकात दिलेली असते.

७. वापरलेल्या सुया, ड्रेसिंग आणि डायपर घंटागाडीत कसे द्यावेत?

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये घरातील वापरलेल्या सुया, सिरिंज आणि दूषित गॉज यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती. त्या ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात मिसळू नयेत. फिनाइलची किंवा तत्सम जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्यावी, तिच्यावर ठळक अक्षरांत 'वापरलेल्या सुया' असे लिहावे, आणि सुई वापरल्याबरोबर टोपी न लावता थेट तीत टाकावी. कारण टोपी परत लावतानाच बोटाला टोचण्याचा संभव अधिक असतो. पाण्याची पातळ बाटली चालत नाही, सुई आरपार येते. बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकणावर चिकटपट्टी लावून, आपण जेथे उपचार घेतो त्या दवाखान्याला ती जैववैद्यकीय कचऱ्यात घेता येईल का, हे विचारावे. ते शक्य नसेल, तर घंटागाडीवरील कर्मचाऱ्याला सांगून, त्याच्या हातात वेगळी द्यावी. हे लोक बरेचदा उघड्या हातांनी कचरा वेगळा करतात. पिशवीच्या तळाशी टाकलेली एक सुई त्यांना महिनोन्‌महिने तपासण्या करत बसायला लावते.

डायपर आणि अंडरपॅड विष्ठा शौचालयात टाकून, घडी करून, कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत द्यावेत. पू किंवा रक्ताने भिजलेले ड्रेसिंग दुहेरी पिशवीत बांधावे. यांतील काहीही जाळू नये.

८. क्रेप बँडेज धुता येते का? आणि रंगीत चिकट टेप पुन्हा लावता येते का?

क्रेप बँडेज कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावे, पिळू नये, दोरीवर लटकवू नये, सावलीत आडवे पसरून वाळवावे आणि नंतर सैलसर गुंडाळावे. इस्त्री केल्यास ताण जातो. ताणून सोडल्यावर ते मूळ लांबीला परत येत नसेल, तर फडके म्हणून वापरावे. सूज उतरवण्याचे काम त्याच्याकडून होणार नाही. जखमेवर बांधलेले आणि पू लागलेले बँडेज मात्र धुऊन दुसऱ्या अवयवाला वापरू नये.

रंगीत कायनेसिओ टेप एकदाच वापरायची असते. ती साधारण ३ ते ५ दिवस टिकते, आंघोळीने निघत नाही, पण एकदा सुटली की तिचा चिकटपणा आणि ताण दोन्ही संपतात.

९. टेन्स यंत्राचे पॅड चिकटेनासे झाले. नवीनच घ्यावे लागतील का?

लगेच नाही. चिकट जेलचे पॅड साधारण २० ते ३० वेळा चालतात. पण त्यासाठी त्वचा तेल-मलमविरहित, धुतलेली आणि कोरडी असावी लागते. वापरानंतर पॅड मूळच्या प्लॅस्टिकच्या कागदावर लावून बंद पिशवीत ठेवावेत. कोरडे पडल्यास बोटाने पाण्याचा एखादा थेंब पसरून थोडा वेळ ठेवल्यास ते पुन्हा चिकटतात. कडा उचलल्या गेल्या असतील किंवा जेल एका बाजूला गोळा झाले असेल, तर बदलावेत, कारण मग सगळा प्रवाह छोट्याशा जागेतून जातो, झोंबते आणि त्वचा भाजूही शकते. काळ्या कार्बन रबरचे पॅड वेगळे: त्यांना दर वेळी जेल लावावे लागते, ते धुता येतात आणि बराच काळ टिकतात. महिन्यांचे उपचार असतील, तर तेच स्वस्त पडतात.

चिकट पॅड दुसऱ्या रुग्णाला देऊ नयेत. पेसमेकर असलेल्यांनी हे यंत्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, गरोदर स्त्रियांनी पोटावर लावू नये आणि गळ्याच्या पुढच्या भागावर ते कोणीच लावू नये.

१०. व्यायामाचा रबरी पट्टा किती दिवस टिकतो?

दिवस मोजण्यापेक्षा दर वेळी तो उजेडासमोर ताणून पाहावा. कडेला बारीक चीर, पांढुरके चट्टे किंवा सुईएवढे छिद्र दिसले, की तो टाकावा. खांद्याच्या व्यायामात तुटलेला पट्टा थेट डोळ्यावर येतो. लॅटेक्सला ऊन आणि उष्णता मानवत नाही, म्हणून गच्चीवर किंवा खिडकीत टांगून ठेवू नये. घामट झाल्यास साध्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, किंचित टाल्कम पावडर लावून ठेवावा. त्वचेला खाज किंवा गांधी आल्यास लॅटेक्सविरहित पट्टा मागावा. रंगांवरून ताण ओळखतात (प्रचलित क्रमात पिवळा हलका, मग लाल, हिरवा, निळा, काळा), पण सर्व कंपन्यांचे रंग जुळतीलच असे नाही. म्हणून कंपनी बदलली तर नवा पट्टा फिजिओथेरपिस्टला दाखवावा.

११. गरम पाण्याची पिशवी बरी की इलेक्ट्रिक जेल बॅग? मधुमेह असल्यास काय करावे?

दोन्ही चालतात आणि दोन्हींनी भाजते. निफाडकडची थंडी कडाक्याची पडली की भाजल्याच्या तक्रारी येऊ लागतात, आणि त्यांत मधुमेहींच्या तळपायांच्या तक्रारी विशेष असतात. बराच काळ मधुमेह असलेल्यांच्या पायांतील संवेदना कमी झालेली असते. पाणी किती गरम आहे हे त्यांना कळत नाही आणि फोड सकाळी दिसतो. अशा रुग्णाच्या पायाला शेक द्यायचाच असेल, तर डॉक्टरांना विचारून द्यावा, उष्णता घरातील दुसऱ्या माणसाने आपल्या कोपराने तपासावी आणि पिशवी अंगाखाली घेऊन झोपू देऊ नये.

रबरी पिशवीत उकळते पाणी ओतू नये. ती दोन तृतीयांश भरावी, हवा काढून झाकण लावावे आणि जाड टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटे शेकावे. रबर कडक झाले, तडे दिसले किंवा पिशवीला दोनेक वर्षे झाली, की ती बदलावी. इलेक्ट्रिक बॅग चार्ज होत असताना अंगावर ठेवू नये. ती फुगली असेल, तर वापरून पाहू नये, टाकूनच द्यावी. फ्रीझरमधील जेल पॅकसुद्धा कापडात गुंडाळूनच १० ते १५ मिनिटे लावावा. दाबल्यावर आपोआप थंड होणारी छोटी पाकिटे एकदाच चालतात, ती पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवून उपयोग नाही.

१२. शेकासाठीचे वॅक्सचे मेण घरी पुन्हा पुन्हा वितळवता येते का?

एकाच रुग्णासाठी येते. पॅराफिन मेणाचे सात भाग आणि लिक्विड पॅराफिनचा एक भाग असे मिश्रण सर्वसाधारणपणे घेतात आणि ते ५० ते ५४ अंशांच्या दरम्यान वापरतात. मेण थेट गॅसवर ठेवू नये, ते पेट घेते. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे आणि थर्मामीटरने तापमान पाहावे. हात धुऊन पूर्ण कोरडा करणे महत्त्वाचे आहे, कारण बोटांच्या बेचक्यात राहिलेले पाणी तेवढ्याच जागी चटका देते. जखम, पुरळ किंवा बुरशी असल्यास वॅक्स घेऊ नये. मेण गढूळ झाले किंवा तळाशी गाळ दिसू लागला, की सगळे बदलावे. संवेदना कमी असलेल्यांनी प्रश्न ११ पाहावा.

१३. नेब्युलायझर दोन्ही मुलांसाठी एकच ठेवला तर? आणि तीन चेंडूंचे यंत्र शेजाऱ्यांना देता येईल का?

नेब्युलायझरचे यंत्र एक चालेल. मास्क, औषधाची वाटी आणि नळी ही मात्र प्रत्येक मुलाची वेगळी हवी. प्रत्येक वापरानंतर वाटी आणि मास्क धुऊन, झटकून, स्वच्छ कापडावर हवेत वाळू द्यावेत. ओलसर वाटी झाकून ठेवणे हीच सर्वांत नेहमीची चूक आहे. दिवसातून एकदा साबण-पाण्याने धुवावे. उकळता येते की नाही, हे त्या किटच्या माहितीपत्रकावर अवलंबून आहे. पुष्कळ किट उकळल्यास वाकतात. औषध पातळ करण्यासाठी निर्जंतुक सलाइनच वापरावे, नळाचे किंवा बोअरचे पाणी कधीही नाही. यंत्रातील पांढरा फिल्टर करडा दिसू लागला की बदलावा, तो धुऊन उपयोग नाही.

तीन चेंडूंचे यंत्र (त्यावर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात) शस्त्रक्रियेनंतर एकाच रुग्णाने वापरायचे असते. तोंडात धरायचा भाग रोज धुवावा. शेजाऱ्यांना ते देऊ नये, कारण श्वासाची वाफ यंत्राच्या नळीत आणि आत जमते आणि तो भाग घरी नीट स्वच्छ करता येत नाही.

१४. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या बाटलीत फिल्टरचे पाणी चालते का?

डिस्टिल्ड वॉटर घालावे. ते नसेल, तर उकळून गार केलेले पाणी घालावे. घरच्या फिल्टरचे पाणी जंतुरहित असतेच असे नाही. पाणी रोज पूर्ण बदलावे, नुसते वरून भर घालू नये. यंत्राच्या बाहेरचा स्पंजसारखा फिल्टर आठवड्यातून एकदा धुऊन, पूर्ण वाळवून लावावा. कांद्या-मक्याच्या हंगामात धूळ उडते, तेव्हा त्याहून आधी. नाकातली नळी २ ते ४ आठवड्यांनी, आणि सर्दी किंवा छातीचा संसर्ग झाल्यास बरे वाटताच बदलावी. ग्रामीण भागात वीज जाते, म्हणून पर्यायी सिलिंडरची व्यवस्था आधीच डॉक्टरांशी बोलून करावी.

१५. लघवीची नळी आणि पिशवी किती दिवसांनी बदलायची?

नळी नर्स किंवा डॉक्टरच बदलतील. लेप दिलेल्या लॅटेक्सची फोली नळी साधारण २ ते ४ आठवडे आणि पूर्ण सिलिकॉनची १२ आठवड्यांपर्यंत ठेवतात. म्हणून कोणती घातली आहे, हे फाइलवर लिहून घ्यावे. नळी ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये, आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो. पिशवी दोन तृतीयांश भरण्याआधी खालच्या तोटीतून रिकामी करावी. रिकामी करण्यासाठी नळीचा जोड सोडू नये, कारण तेथूनच जंतू शिरतात. पिशवी आतून धुऊन पुन्हा लावण्याची पद्धतही सोडावी.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकू नये. घरात हे पाळले जाते आणि रिक्षात बसताना विसरले जाते: पिशवी रुग्णाच्या मांडीवर ठेवली जाते आणि लघवी उलटी वर जाते. निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करून ती पायाच्या बाजूला खाली अडकवावी. पुरुषांना बाहेरून लावायची कंडोम नळी रोज बदलावी.

१६. मणक्याच्या दुखापतीमुळे मुलगा दिवसातून चार-पाच वेळा स्वतः नळी घालून लघवी काढतो. प्रत्येक वेळी नवीन नळी परवडत नाही. धुऊन वापरली तर?

येथे नियम आणि व्यवहार यांच्यात खरोखरच अंतर आहे. मिशिगनमधील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा तिचा आधार निर्जंतुक नव्हे तर स्वच्छ हात आणि मूत्राशय वेळेवर रिकामे होणे हाच होता. म्हणजे वेळ चुकवून नव्या नळीची वाट पाहणे हे धोक्याचे. तरीही ज्या नळीवर तिरप्या रेघेचा दोनचा आकडा आहे, तिच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक घेत नाही. आणि पाण्याने गुळगुळीत होणाऱ्या, लेप दिलेल्या नळ्या तर पुन्हा वापरताच येत नाहीत, कारण लेप निघून जातो व खरखरीत नळी मूत्रमार्गाला जखम करते.

लेप नसलेली साधी नळी धुऊन वापरायची की नाही, आणि किती वेळा, हे यूरोलॉजिस्टने त्या रुग्णापुरते ठरवायचे आहे; मुद्दाम पुन्हा वापरण्यासाठी बनवलेल्या सिलिकॉनच्या नळ्याही मिळतात, त्यांची चौकशी करावी. परवानगी मिळाल्यास नळी वापरल्याबरोबर आतून-बाहेरून धुवावी, पूर्ण वाळवावी, स्वच्छ कोरड्या डब्यात ठेवावी आणि कडक, धुरकट किंवा खरखरीत होताच टाकावी. ताप, थंडी वाजणे किंवा लघवीला उग्र वास ही लक्षणे दिसल्यास पुनर्वापर त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना भेटावे.

१७. पायांचे घट्ट मोजे दोन प्रकारचे का असतात?

रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर दिलेले पांढरे मोजे झोपून असलेल्या रुग्णात गुठळी होऊ नये म्हणून असतात. व्हेरिकोज व्हेन्ससाठीचे (पायांच्या फुगलेल्या नसांसाठीचे) मोजे चालत्या-फिरत्या माणसासाठी, अधिक दाबाचे असतात. एकाच्या जागी दुसरे वापरू नयेत. पायाची धमनी अरुंद झालेली असल्यास घट्ट मोजे अपायकारक ठरतात, म्हणून मापाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठीही हवी. सकाळी सूज येण्यापूर्वी घालावेत, हाताने धुवावेत. रोजच्या वापरात साधारण ६ महिन्यांत दाब कमी होतो.

१८. बेडसोअर होऊ नये म्हणून हवेची गोल रिंग द्यावी का?

देऊ नये. रिंगच्या कडेवर दाब एकवटतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा घटतो. हवेची गादी उपयोगी आहे, पण तिच्यामुळे कुशी बदलायची गरज संपत नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, किंवा सांगितल्याप्रमाणे. गादीखाली, माकडहाडाच्या जागी तळहात सरकवून पाहावा: शरीर हाताला टेकत असेल, तर हवा कमी आहे. गादीवर जाड गोधडी घातल्यास तिचा उपयोग राहत नाही, पातळ सुती चादर पुरे.

१९. आई ६८ वर्षांची आहे. वॉकर आणि कमरेचा पट्टा घेण्यासाठी काही सरकारी मदत मिळते का?

राज्य शासनाची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये सुरू झाली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांपर्यंत असलेल्या ज्येष्ठांना साहित्य खरेदीसाठी एकरकमी ३००० रुपये बँक खात्यात देण्याची तीत तरतूद आहे. वॉकर, ट्रायपॉड काठी, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, लंबर बेल्ट (कमरेचा पट्टा), सर्व्हायकल कॉलर (मानेचा पट्टा) आणि श्रवणयंत्र यांचा त्यात समावेश आहे. सध्या अर्ज घेतले जात आहेत का, याची चौकशी नाशिक-पुणे रस्त्यावरील नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात करावी. अपंगत्व असल्यास केंद्राच्या योजनेतून साहित्य मिळते. त्यासाठीचे प्रमाणपत्र त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयातून घेता येते.

वॉकर कोणीही देवो, उंची जुळवून घ्यावी: ताठ उभे राहून हात सैल सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. खालची रबरी टोपी झिजून गुळगुळीत झाली की बदलावी. पावसाळ्यात फरशी ओली असते आणि बरीच माणसे पडतात ती त्या स्वस्तातल्या टोपीमुळे.

२०. मुदत संपलेले साहित्य घरात पडून आहे. वापरले तर चालेल का?

निर्जंतुक वस्तू, साखर तपासण्याच्या पट्ट्या, जेल आणि औषध असलेली ड्रेसिंग चालणार नाहीत. निर्जंतुक नसलेल्या सुती पट्टीची किंवा आधाराच्या बेल्टची तारीख उलटली, तर तो धोका नसून दर्जाचा प्रश्न असतो: वेल्क्रो धरते का, इलॅस्टिक ताण धरते का आणि आतली धातूची पट्टी वाकलेली नाही ना, हे पाहून ठरवावे. पट्टा धुताना धातूच्या पट्ट्या काढून घ्याव्यात आणि वेल्क्रो बंद करूनच धुवावा. लॅटेक्सच्या वस्तू मुदतीनंतर तुटतात, त्या ठेवू नयेत.

२१. रुग्ण बरा झाला (किंवा राहिला नाही). उरलेले साहित्य कोणाला द्यावे?

पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, हवेची गादी आणि कॉन्सन्ट्रेटर साबण-पाण्याने धुऊन किंवा पुसून, जंतुनाशकाने फिरवून, वाळवून द्यावे. ज्या सामाजिक संस्था आणि ज्येष्ठ नागरिक संघ अनामत रक्कम घेऊन रुग्णोपयोगी साहित्य वापरायला देतात, त्यांना या वस्तूंची नेहमीच गरज असते. भाड्याने आणलेली वस्तू परत करताना अनामतीची पावती आणि ब्रेकची स्थिती दोन्ही पाहावीत. न उघडलेले, मुदतीतील, वेष्टन शाबूत असलेले कॅथेटर, पेनच्या सुया आणि डायपर रुग्णालय किंवा दवाखाना घेऊ शकतो. विचारून द्यावे, परस्पर शेजारच्या रुग्णाला देऊ नये, कारण माप वेगळे असू शकते. प्रश्न १ मधील दुसऱ्या गटातील वस्तू, म्हणजे मास्क, नाकातली नळी, टेन्सचे पॅड, तीन चेंडूंचे यंत्र, कितीही नव्या दिसल्या तरी दान करू नयेत. इन्सुलिनचे उरलेले पेन आणि वापरलेल्या सुया प्रश्न ७ प्रमाणे टाकाव्यात.